जास्तच झालं होतं

आईला कायमचं पुण्याला आणायचं ठरलं तेव्हा सांगलीचं गावभागातलं घर आवरायला मी चार दिवसांची रजा काढून गेलो. पहिला दिवस रद्दीत आणि २०१९च्या पुरातून वाचलेल्या बाबांच्या पासबुकांत संपला. दुसऱ्या दिवशी माळ्यावर चढलो. तिथं पितळी घंगाळाच्या मागं एक गोणपाटाची पिशवी होती आणि तिच्यात सात डबे. सगळे स्टीलचे. दोन कडीचे, एक तीन पुडांचा, बाकीचे साधे झाकणाचे. त्यातला एकही आमचा नव्हता.

ते कळलं नावांवरून. आमच्या घरात चमच्यापासून कळशीपर्यंत सगळ्यावर बाबांची आद्याक्षरं आहेत. पूर्वी भांडं घेतलं की दुकानदार विचारायचाच, "नाव काय घालू?" मग ते छोटं यंत्र टर्रर्र करत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं काढायचं आणि आपण वेलांटी चुकतेय का म्हणून त्याच्या खांद्यावरून बघत उभे. लग्नामुंजीत आलेल्या भांड्यांवर तर कुणाकडून, कुणास, कोणत्या तारखेला, सगळी कुंडलीच असायची.

मी एकेक डबा खाली देत होतो आणि आई पदरानं पुसून, चष्मा कपाळावर चढवून वाचत होती. चष्मा लावून तिला जवळचं दिसत नाही.

"हा समोरच्या वाड्यातल्या काकूंचा. हा बँकेतल्या वहिनींचा. आणि हा... अरे देवा, हा अजून इथंच?"

"लोकांचे सात डबे ठेवून घेतलेस तू?"

"ठेवून कशाला घेईन? रिकामा कसा द्यायचा? काहीतरी करून देऊ म्हणून बाजूला ठेवले, आणि राहिले."

सातवा, तीन पुडांचा, तिला ओळखू येईना. त्यावर फक्त 'कु. द.' एवढंच. आईनं तो दोनदा फिरवून बघितला, गल्लीतली सगळी कु आणि सगळी द मनात आठवून पाहिली आणि शेवटी म्हणाली, "कुणीतरी दिला असणार. आपल्याकडं आलाय म्हणजे भरूनच आला असणार."

रिकामा डबा परत द्यायचा नाही, हा नियम आमच्या घरात कुणी शिकवला नाही. तो होताच. डब्यातून धिरडी आली तर परतीला चिवडा, चिवडा आला तर परतीला शेवग्याच्या शेंगा. घरात काहीच नसेल तर गुळाचा खडा, तोही नसेल तर तळाला चिमूटभर साखर. ही ने-आण करायला मी असायचो. वाटेत झाकण उघडून त्या चिमटीतली निम्मी साखर मी खाल्लेली आहे, हे इथं एकदा कबूल करून टाकतो. वाड्यातल्या बायकांचं हे खातं कुठं लिहिलेलं नव्हतं आणि ते कधी मिटतही नव्हतं. चकलीचा सोऱ्या एकीचा, पुरणयंत्र दुसरीचं, विरजण ज्या घरात त्या दिवशी दही असेल तिथलं. तिन्हीसांजेला मीठ द्यायचं नसतं म्हणतात. समोरच्या काकूंकडं मी एकदा नेमका दिवे लागताना वाटी घेऊन गेलो. त्यांनी मिठाची बरणी उघडून ओट्यावर ठेवली आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. "मी काही देत नाही हां. तू घे."

याच काकूंनी मला खोटं बोलायला शिकवलं. म्हणजे मला ते कळायला तीसेक वर्षं लागली, तो भाग वेगळा.

मी तिसरीत असताना आईला टायफॉइड झाला. बाबांना भात आणि पिठलं येत होतं, आणि पिठल्याबद्दल न बोललेलं बरं. पहिल्या दिवशी संध्याकाळी काकू दारात. हातात कडीचा डबा. "अहो, आज आमटी जास्तच झाली बघा. वाया जाईल म्हणून आणली." दुसऱ्या दिवशीही आमटी जास्त झाली. तिसऱ्या दिवशी भाजी जास्त झाली. असं सलग अकरा दिवस. शेवटी मी आईला विचारलं, "आई, काकूंना स्वयंपाकाचा अंदाज येत नाही का?" आई अंथरुणावर पडल्या पडल्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

आता आठवतं ते असं, की त्या डब्यात माझी आमटी वेगळ्या वाटीत असायची, कमी तिखट. बाबांना कारल्याची भाजी चालत नाही म्हणून ती आली नाही. आईसाठी मुगाचं कढण फडक्यात गुंडाळलेलं. ज्या बाईचा अंदाज चुकतो ती माणशी मोजून, पथ्य सांभाळून अकरा दिवस कशी चुकेल? आणि त्यांच्या घरात तेव्हा खाणारी तोंडं सात होती, मिळवणारा एक.

पुढं मी ही वाक्यं वेचतच गेलो. 'वाटेवरच होतं.' 'आमच्याकडं कुणी खात नाही हो.' 'तसंही जायचंच होतं.' 'मुलाला लहान झालाय, नुसता पडून आहे.' तो शर्ट नवा असतो, घडीसुद्धा मोडलेली नसते. देणारा माणूस घ्यायला सोपं जावं म्हणून आधी स्वतःच्या देण्याची किंमत पाडतो. घेणाऱ्यालाही ते कळत असतं. तो "अहो कशाला, कशाला" म्हणतो आणि घेतो. दोघंही त्या खोट्याला हात लावत नाहीत. मराठी माणसाला कृतज्ञता व्यक्त करता येत नाही असं म्हणतात. 'धन्यवाद' हा शब्द आमच्या घरात सभेच्या शेवटासाठीच राखीव होता, हे खरं आहे. पण काकूंना कुणी "धन्यवाद" म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं आपलं काहीतरी चुकलं.

दहावीनंतर माझ्या वर्गात जत तालुक्यातल्या एका गावचा मुलगा होता. खोली करून राहायचा. त्याचा डबा रोज सकाळी गावाकडून एसटीनं यायचा. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगतो: फडक्यात बांधलेले, वर चिठ्ठी खोचलेले डबे ड्रायव्हरच्या मागच्या जागेत ओळीनं ठेवलेले असायचे आणि स्टँडवर गाडी लागली की पोरं आपापला डबा ओळखून उचलायची. १ जून १९४८ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली तेव्हा कुणाच्या मनातही नसेल, की ही गाडी पुढं भाकऱ्या वाहणार आहे. एकदा पावसानं गाडी दोन तास उशिरा आली. आम्हाला तासाला पोचायचं होतं म्हणून निघून गेलो. दुपारी बघतो तर कंडक्टर डबा घेऊन कॉलेजच्या फाटकाशी उभा. "पुढची फेरी आहे, तसाही इकडनंच चाललो होतो." स्टँड एका टोकाला, कॉलेज दुसऱ्या टोकाला. त्या डब्यात भाकरी कधी दोन नसायच्या, सहा असायच्या. त्याच्या आईनं माझं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

१९९४ साली बाबांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन मिरजेला झालं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तिथं मिशनचं रुग्णालय काढलं तेव्हापासून कोकणातून, कर्नाटकातून माणसं तिथं उपचाराला येतात. आम्ही तर आठ-दहा किलोमीटरवरचे. तेव्हा पोट उघडूनच ऑपरेशन व्हायचं आणि आठ-दहा दिवस मुक्काम ठरलेला.

बघायला खूप माणसं आली. येताना सफरचंदं घेऊन आली. ज्याला पाणीसुद्धा चमच्यानं द्यायचंय त्याच्या उशाशी तिसऱ्या दिवशी दीडेक डझन सफरचंदं जमली होती. आईनं ती शेजारच्या कॉटवरच्या आजोबांच्या नातवंडांत वाटून टाकली. कॉटच्या कडेवर चार-चार जण बसायचे, आपापल्या नात्यातल्या सगळ्या ऑपरेशनांच्या हकिगती व्हायच्या, त्यात एखादा दगावलेलाही असायचा. निघताना प्रत्येक जण आईला म्हणायचा, "काही लागलं तर सांगा बरं का." आई म्हणायची, "हो हो, सांगेन की." ती काय सांगणार होती? की मला चार रात्री झोप नाही? की माझी साडी धुवायची राहिलीय?

पाचव्या रात्री दहाच्या सुमारास बाबांच्या कचेरीतले शिपाई मामा आले. हातात वळकटी नाही, फळं नाहीत, नुसता घडी घातलेला 'केसरी'. म्हणाले, "वैनी, तुम्ही जावा घरी. पोरगं एकटंच हाय. मी बसतो हितं पेपर वाचत."

"अहो, तुम्हाला उद्या ड्यूटी..."

"मला घरात झोप येतच न्हाई बगा. पंख्याचा आवाज येतो नुसता. हितं बरं, गार हाय."

आणि ते स्टुलावर बसले. पाच रात्री. सकाळी सातला आई आली की स्टूल कॉटखाली सरकवायचे आणि तिथून परस्पर कामावर. बाबांनी नंतर सांगितलं, की मामा पेपर जाहिरातींसकट, निविदा-सूचनांसकट वाचायचे आणि मधूनमधून मोठ्यानं म्हणायचे, "साहेब, विहीर काढायची का? मोटार स्वस्त आल्या." सहा वर्षांनी त्यांच्या मुलाच्या लग्नात आई त्यांच्या बायकोशेजारी बसली होती. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "ह्यांचं काय, उशीला डोकं लागलं की घोराय चालू. भूकंप झाला तरी उठायचे न्हाईत." आईनं पंगतीत बसलेल्या मामांकडं बघितलं. मामांनी जिलबीकडं बघितलं.

त्याच ऑपरेशनाच्या वेळी एका नातलगानं पाच हजार रुपये दिले होते. रक्कम तेव्हा मोठी होती आणि अडचण खरी होती, त्यामुळं त्यांना नावं ठेवणं बरं नाही. पण त्यांनी ते पुढच्या प्रत्येक बारशात, मुंजीत, चारचौघांत सांगितलं. आईनं तीन महिन्यांत बांगडी मोडून पैसे परत केले, तरी ते सांगतच राहिले. आमटीचा विषय आमच्याकडं वर्षातून चारदा निघतो. त्या पाच हजारांचा कुणी काढत नाही.

ऑगस्ट २०१९मध्ये मी पुण्यात होतो आणि आई सांगलीत एकटी. सांगलीकराला पावसाळ्यात दोनच प्रश्न विचारायचे असतात: "कोयनेतून किती सोडलं?" आणि "आयर्विनला किती?" १९२९ साली बांधलेल्या त्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ला धोका. हे आकडे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रस्ते बंद, मी कोथरूडच्या घरात फोन चार्जिंगला लावून येरझाऱ्या घालतोय. आईचा फोन संध्याकाळी बंद झाला तो झालाच.

रात्री साडेअकराला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. शाळेतला मित्र. ज्याच्याशी अकरा वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो, कारण काय होतं तेही आता धड सांगता येत नाही, क्रिकेटच्या सामानाचे पैसे असं काहीतरी. म्हणाला, "तुझी आई आमच्याकडं आहे विश्रामबागला. जेवली. काळजी करू नको." मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "बरं झालं आल्या. आमच्या आईला बोलायला कुणीतरी पाहिजेच होतं. दिवसभर माझं डोकं खाते." मागून भांड्यांचे, लहान मुलांचे, दोन-तीन बायकांचे आवाज येत होते. नंतर कळलं, त्याच्या तीन खोल्यांत त्या रात्री चौदा माणसं होती. बोलायला कुणी नव्हतं म्हणे.

पण मला त्याची ती रात्र तितकी आठवत नाही जितकी दुसरी एक गोष्ट आठवते. आईला होडीत बसवायच्या आधी त्यानं दहा मिनिटं मागून घेतली आणि घरातल्या वस्तू माळ्यावर चढवल्या. मी असतो तर टीव्ही चढवला असता. त्यानं शिलाई मशीनचं डोकं काढून वर ठेवलं, कागदपत्रांची पत्र्याची पेटी ठेवली, बाबांचा फोटो ठेवला आणि देवघराखालचं फळकूट उघडून गौरींचे मुखवटे धोतराच्या पानात गुंडाळून ठेवले. लहानपणी दरवर्षी तो आमच्याकडं गौरी जेवायला यायचा, ते कुठं असतात हे त्याला माहीत होतं. टीव्ही गेला. फ्रिज आडवा होऊन दुसऱ्या खोलीत पोचला. ५ सप्टेंबरला गौरी आल्या तेव्हा भिंतीवर छातीएवढ्या उंचीला गाळाची रेघ होती, घराला कुबट वास होता, आणि मुखवटे जसेच्या तसे. त्या वर्षी आईनं गौरींना फक्त भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवला. आमच्याकडं तसाही तोच असतो पहिल्या दिवशी, पण त्या वर्षी दुसऱ्या दिवशीही तोच.

त्या सात डब्यांतले चार आम्ही राहिलेल्या दोन दिवसांत पोचवले. आईनं सगळ्यांत भडंग भरलं, विकतचं, कारण घरात कढई बांधून झाली होती. मित्राच्या घरी गेलो तर तो म्हणाला, "पाच वर्षांनी डबा देतोस, व्याज कुठाय?" समोरच्या वाड्यातल्या काकू आता नाहीत. त्यांच्या सूनबाईंनी डबा हातात घेतला, नावावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "बसा ना थोडं." आम्ही दीड तास बसलो. उठताना त्यांनी तोच डबा पुन्हा आईच्या हातात दिला. लिंबाचं लोणचं. म्हणाल्या, "यंदा लिंबं फार निघाली हो, संपतच नाहीत." त्यांच्या परसात लिंबाचं झाड नाही.

हे सगळं इतकं जवळून बघितलेला मी. आणि तरी.

माझ्या कचेरीत अकोल्याकडचा एक मित्र आहे. बारा वर्षं शेजारी बसतो. मागच्या वर्षी त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. पुण्यात त्याचं कुणी नाही, बायको तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी. मी दवाखान्यात गेलो. हातात सफरचंदं होती. पंधरा मिनिटं उभा राहिलो, डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं, त्याच्या पाठीवर थोपटलं आणि निघताना म्हणालो, "काही लागलं तर सांग." तो म्हणाला, "हो रे, सांगतो की."

आईसारखंच.

तीन आठवड्यांनी कामावर आल्यावर तो सहज बोलून गेला, की त्या दिवसांत तो दुपारी कॅन्टीनमध्ये जायचाच नाही, वडिलांना एकटं कसं सोडायचं म्हणून. वेफर्स खायचा. मी कोथरूडला राहतो, दवाखाना गाडीवर वीस मिनिटांवर. मनात आलं, मी खरंच विचारलं होतं की. मग वाटलं, विचारलं होतं म्हणूनच तर त्याला सांगता आलं नाही. बायकांकडं निदान डबा असतो, तो पुढं केला की तोंडानं फार बोलावं लागत नाही. आम्हा पुरुषांकडं ते एकच वाक्य आहे आणि पाठीवर थोपटणं. शिपाई मामांकडं 'केसरी' होता.

यंदा जूनमध्ये त्याच्या वडिलांना पुन्हा दाखल करावं लागलं. आता आई आमच्याकडं होती. मी काही बोललो नव्हतो, नुसतं चहा पिताना सांगितलं, तर तिनं उठून मुगाची डाळ भिजत घातली. रात्री आठला तीन पुडांचा डबा माझ्या हातात. खालच्या पुडात खिचडी, मधल्यात कढी, वरच्यात भाजलेला पापड मोडून. झाकणावर 'कु. द.'.

दवाखान्याच्या जिन्यात तो भेटला. मी म्हणालो, "इकडून चाललो होतो."

"कुठं?"

हा प्रश्न मी धरलाच नव्हता. "कात्रजला."

"कोथरूडवरून कात्रजला जाताना हे लागतं?"

"लागतं," मी म्हणालो. "आणि आईकडून खिचडी जास्तच झालीय. वाया जाईल."

त्यानं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग डबा घेतला. मी आत जाऊन त्याच्या वडिलांपाशी बसलो, सलाईन बघत. मोबाइलवर बातम्या वाचायला लागलो. मोठ्यानं वाचू का असं विचारलं तर त्यांनी डावा हात थोडा हलवला, मग हवामान आणि कांद्याचे भाव वाचून दाखवले. दारातून तो जिन्याच्या पायरीवर बसलेला दिसत होता, मांडीवर डबा, पाठ माझ्याकडं.

बारा दिवसांनी डबा माझ्या टेबलावर आला. लख्ख घासलेला. वरच्या पुडात पार्ले-जीचा पुडा.

"रिकामा देत नसतात ना," तो म्हणाला. "आमच्याकडं पण. दुसरं काही करता येत नाही मला." मग डब्याकडं बोट दाखवून, "कु. द. कोण, आजी का तुझी?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आमचा नाहीये हा डबा."

घरी गेल्यावर आईनं पुडा बाहेर काढला, चहाचं आधण ठेवलं आणि विचारलं, "त्याच्या वडिलांना चहा चालायला लागला का?" मी म्हटलं, हो, कालपासून. तिनं चहात दोन बिस्किटं बुडवून खाल्ली, डबा पुन्हा एकदा विसळला, पालथा घातला, आणि वाळल्यावर माळ्यावर न ठेवता गॅसच्या बाजूच्या खालच्या फळीवर ठेवला.